बायकांना न विचारलेलं पाप

टीचर,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुमच्या थडग्यावर फुलं ठेवली, नोव्हेंबरात मेणबत्त्या लावल्या, तुमच्या नावानं देवळात मीस, म्हणजे मिस्सा, सांगितलं, पण तुमच्याशी म्हणून काही बोलले नाही. तुमच्या स्वयंपाकघरात जे घडलं त्याबद्दल तर मी कितीतरी वर्षं कुणाशीच बोलले नव्हते. आज लिहायला बसले आहे ते मराठीत, कारण आपल्या गावात आपण प्रार्थना कोंकणीत करायचो आणि लिहायचो मराठीत, आणि ते मराठी तुम्हीच माझा हात धरून पाटीवर गिरवून घेतलं होतंत. कोंकणीत लिहायला बसले तर ते कुमसार, पापांची कबुली, केल्यासारखं होईल, आणि कुमसार मी फादरपुढे केलेलं आहे. तुमच्याशी मला नुसतं बोलायचं आहे.

तुम्ही शाळा सोडून घरी शिवणाचा वर्ग काढलात तेव्हा मी वीस वर्षांची होते. बारावीत दोनदा नापास होऊन घरी बसलेली. पेडण्याच्या किनाऱ्याकडच्या आमच्या वाड्यावर तेव्हा घरोघर परदेशी लोकांना खोल्या दिल्या जायच्या, आणि आई त्या खोल्यांतल्या चादरी धुवायची. शनिवारी मीही तिच्याबरोबर चादरी बदलायला जायची. अशाच एका शनिवारी एक जोडपं खोली सोडून गेलं आणि गादी नि भिंत यांच्या फटीत मला ते जाड, गुळगुळीत कागदाचं मासिक सापडलं. आई विहिरीवर होती. मी पहिलं पान उघडलं आणि लगेच मिटलं, आणि मग शिवणाच्या पिशवीत, अस्तराच्या कापडाखाली ठेवून दिलं. ते तिथं दहा-बारा दिवस होतं. संधी मिळेल तेव्हा मी ते पाहायची. का पाहते ते मला सांगता आलं नसतं. आपल्या देवळात पाद्री लेंतीच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, दिवसांत पुरुषांना बजावायचे की डोळे सांभाळा. बायकांना डोळे असतात हे तोवर कुणी म्हटलेलंच नव्हतं, म्हणून मला वाटायचं की माझ्यातच काहीतरी उलटं शिवलेलं आहे.

तो बुधवार मला स्वच्छ आठवतो. तुमच्या घराच्या पुढच्या ओसरीत, बाल्कांवात, आम्ही पाचजणी पायमशिनींवर बसलो आहोत, तुम्ही एकीचं काज उसवून पुन्हा करायला लावताय, आणि तुमची टेप सापडत नाही. तुम्ही सहज माझ्या पिशवीत हात घालता. टेप निघते आणि तिच्याबरोबर ते मासिकही अर्धं बाहेर येतं. तुम्ही पाहिलंत, मी पाहिलं. बाकीच्या चौघींनी मान वर करायच्या आत तुम्ही ते अस्तराच्या कापडात गुंडाळलंत आणि नेहमीच्या आवाजात म्हणालात, "अस्तर कमी पडला. आज इतक्याच पुरे. घराक जावा." त्या निघाल्या, मीही उठले, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणालात, "तू रव गो."

स्वयंपाकघरात तुम्ही आधी मला पेज वाढलीत. अकरा वाजले होते, पेजेची वेळ होती, आणि ती वेळ तुम्ही कशासाठीही चुकवत नव्हता. मी म्हटलं, मला नको. तुम्ही म्हणालात, "पोटात काय नसताना रागावलेला माणसाक सोसणा ना." म्हणजे रागावणार होतात. मी पेज कशीबशी गिळली. मग तुम्ही मेज पुसलंत, चष्मा लावलात आणि ते मासिक उघडलंत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही एकेक पान उलटत होतात, अगदी आमची शिवण तपासायच्या तशा, घाई न करता. एका पानावर थांबलात आणि बोट ठेवलंत.

"हो वळ दिसता तुका?"

मला काहीच दिसलं नव्हतं. दहा-बारा दिवस मी ते चित्र पाहत होते आणि त्या बाईच्या कमरेवरचा तो लाल वळ मला दिसला नव्हता.

"आखूड इलास्टिक," तुम्ही म्हणालात. "तासभर तरी आंगावर होता. हिच्या मापाचा कपडो न्हय तो. कोणी तरी हिका घालूक लावलो, आणि मगे काडूक लावलो." मग बोट तिच्या तोंडावर नेऊन म्हणालात, "ता पण कोणाचा तरी चेडू, गो."

कुणाची तरी मुलगी. मी रडायला लागले. तुम्ही रडू दिलंत. मग तुम्ही जे विचारलंत ते त्याआधी आणि त्यानंतरही मला कुणी विचारलेलं नाही. "बघून तुका कसा वाटला?" मी खरं तेच सांगितलं. आधी बरं वाटलं आणि मग वाईट वाटलं, आणि वाईट वाटूनही पुन्हा पाहावंसं वाटलं. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. तुम्ही चष्मा काढून पदरानं पुसलात. "बरा वाटला त्यात तुजा काय चुकला ना. आंग देवान दिला, त्या आंगाक बरा वाटाचा ह्या पण देवानच दिला. मी लगीन करूक ना म्हणून माका आंग ना असा समजू नको." अठ्ठेचाळीस वर्षांची, रोज सकाळी मीसाला जाणारी, सगळ्या गावाला धाक असलेली बाई मला हे सांगत होती. "पण देवान दिलला आंग कोणी बाजारात मांडला, आणि आपण त्येचा तोंड न बघता नुसता आंग बघूक लागलो, तर तिथं पाप सुरू जाता. मग बघणारो दादलो असूं नाय तर बायल." मग तुम्ही खरंच रागावलात, आणि तो राग वेगळ्याच गोष्टीचा होता. इतके दिवस मी हे एकटीनं मनात घेऊन बसले, त्याचा. "परत असा काय झाला तर एकटी रवू नको. माका सांग. मी नसलंय तर आणि कोणाक सांग. पण एकटी रवू नको." मग तुम्ही मासिक चुलीत घातलंत, पण त्या गुळगुळीत कागदाला नीट आगही लागेना. कडेकडेनं काळा होत तो बराच वेळ धुमसत राहिला, आणि तुम्ही फुंकणीनं फुंकत, खोकत, तो संपेपर्यंत चुलीपुढे बसून राहिलात. आईला तुम्ही कधी सांगितलं नाहीत. दुसऱ्या दिवशी मी वर्गाला आले तेव्हा माझं बाहीचं माप चुकलं म्हणून सगळ्यांदेखत ओरडलात, आणि ते ओरडणं ऐकून मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. तुमच्या लेखी मी आधीसारखीच होते.

माझ्या लग्नाचा पांढरा झगा तुम्ही शिवलात. माप घेताना मी पोट आत ओढून धरलं होतं. तुम्ही टेप ढिली सोडून उभ्या राहिलात आणि म्हणालात, "श्वास सोड. दिवसभर श्वास धरून रवतलंय?" शिवणीत तुम्ही दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं कापड जास्त सोडलंत. मी म्हटलं, लग्नाचा झगा एकदाच तर घालायचा. तुम्ही म्हणालात की अंग बदलतं, आणि मापात बसण्यासाठी बदलायचं ते कपड्यानं, अंगानं नाही. शिलाई घेतली नाहीत. तीच तुमची लग्नाची भेट. आज माझ्या दुकानात मुली मोबाइलवर कुठल्या तरी नटीचं चित्र दाखवून सांगतात, मला अस्संच दिसायला हवं, तेव्हा मी न बोलता दोन बोटं जास्त सोडते.

मी लग्न होऊन डिचोली तालुक्यात, मुळगावात आले. नवरा खाणीवरच्या ट्रकांचा मेकॅनिक. शांत माणूस, हाताला कायम ग्रीसचा वास. आमच्या लग्नानंतर काही वर्षांनी तुम्ही गेलात. शेवटच्या आजारात मी तुमचा झोपायचा गाऊन सैल करून आणला होता आणि तुम्ही त्या अवस्थेतही त्याची टीप उलटून पाहिली होतीत. "बरी आसा," म्हणालात. मला तेवढं पुरलं. तुमच्याकडून एवढं मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

पुढं खाणी बंद पडल्या, ट्रक रांगेनं उभे राहिले, आणि माझा नवरा आखातात कामाला गेला. घरी मी, सासूबाई आणि शाळेत जाणारी मुलगी. घराच्या पुढच्या खोलीत मी शिवणाचं दुकान काढलं. एकमेकांचं तोंड दिसावं म्हणून त्यानं तिकडून मला मोठा मोबाइल पाठवला. त्या मोबाइलवर मी ब्लाउजच्या गळ्यांचे नमुने शोधायची. आपल्याकडे दुपारी एक ते चार दुकानं बंद. मुलगी शाळेत, सासूबाई आतल्या खोलीत आडव्या, आणि मी दुकानाचं दार लोटून गळे बघत बसलेली. असंच एका दुपारी, एका गळ्याच्या चित्राशेजारी दुसरंच चित्र आलं. मी त्यावर बोट टेकवलं. चुकून टेकलं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते.

त्या तसल्या व्हिडिओंबद्दल तुम्हाला काय सांगू? तुमच्या वेळचं मासिक तरी चाळून संपायचं. हे संपतच नाही. एक पाहिला की खाली दहा मांडलेले असतात. आधी आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड, मग रोज दुपारी. माझ्या हातून माप चुकायला लागलं, एका नवरीच्या ब्लाउजची बाही मी उलटी जोडली. सासूबाईंनी हाक मारली की खेकसावंसं वाटेल इतका राग यायचा. नवऱ्याचा फोन आला की रेंज नाही म्हणून मी लवकर ठेवायची. आणि एक सांगते, मी तोंडं पाहत नव्हते. मुद्दाम पाहत नव्हते. तोंड दिसलं की मी पडद्यावर बोट सरकवायची, कारण तोंड पाहिलं असतं तर तुमचा आवाज ऐकू आला असता. म्हणजे तुम्ही सांगितलेलं मी विसरले नव्हते. आठवत असून ते चुकवायचं कसं हे मी शिकले होते.

त्या वर्षी लेंतीत आमच्या देवळात बाहेरून एक प्रवचनकार आले. तीन दिवस बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पॉर्नचा विषय काढला, आणि चांगलं बोलले, मी नाही म्हणत नाही. पण सगळं पुरुषांना. पुरुषांनी डोळे सांभाळावे, पुरुषांनी बायकामुलींना तोंड दाखवता येईल असं जगावं. मग बायकांच्या बाजूला वळून म्हणाले, तुम्ही तुमच्या नवऱ्यांसाठी आणि मुलग्यांसाठी प्रार्थना करा. माझ्या शेजारची बाई कानात कुजबुजली, "आमचो तसलो न्हय हां." पाठीमागची, जी एका प्रार्थनामंडळात जाते, ती म्हणाली की मोबाइलात सैतानच बसलेला असतो. मी दोघींना मान डोलावली. तुम्हाला वाटेल की पाप पुरुषांचं म्हटल्यावर मला सुटल्यासारखं झालं असेल. उलट झालं. पुरुषांच्या पापाला निदान नाव होतं, जागा होती, त्यावर प्रवचन होतं, त्यांच्यासाठी प्रार्थना करायला बायका होत्या. माझ्यासाठी प्रार्थना कर असं त्या देवळात कुणी कुणाला सांगत नव्हतं. मी पुरुषांचं पाप करणारी बाई होते, आणि अशी बाई जगात दुसरी नसेल अशी माझी खात्री पटली.

मी कुमगार घेणं बंद केलं, कारण मीसातला तो पवित्र घास असं पाप मनात असताना घ्यायचा नसतो. देवळातल्या रांगेत सगळे पुढं जातात आणि एखादी बसून राहते, हे लपत नाही. पहिल्या रविवारी सासूबाईंनी विचारलं, "आज कुमगार ना?" मी म्हटलं, कुमगाराआधी तासभर काही घ्यायचं नसतं, आणि मीसाला येताना मी चुकून चहा घेतला. खोटं बोलल्याचं आणखी एक पाप नको म्हणून पुढच्या रविवारी मी खरोखरच निघायच्या आधी उभ्या उभ्या चहा प्यायले. तिसऱ्या रविवारीही. चौथ्या रविवारी सासूबाईंनी माझ्या हातातून कप काढून घेतला आणि चहा मोरीत ओतला. त्यांना काय कळलं होतं कोण जाणे. पण त्या कपाच्या जागी मी रिकामे हात घेऊन उभी होते आणि मला तुमची चूल आठवली. एकटी रवू नको.

त्या शुक्रवारी मी बाजाराला म्हणून म्हापशाला गेले. दोरे, बटणं, अस्तर घेतलं, आणि जिथं मला कुणी ओळखत नाही अशा देवळात कुमसाराला गेले. जाळीपलीकडे म्हातारे फादर होते, आवाजावरून सत्तरीचे. मी म्हटलं, मी मोबाइलवर घाण बघते. ते म्हणाले, "घोव दाखयता?" मी म्हटलं, नवरा परदेशात आहे, मीच बघते, एकटी. पलीकडे खुर्ची करकरली, मला वाटलं ते उठून गेले. मग ते म्हणाले, "माफ कर म्हाका, बाये. हांवें चुकीचें विचारलें." टीचर, जाळीपलीकडून कधी कुणी माफी मागितली आहे का? मी मागायला गेले होते. नंतर ते फार थोडं बोलले. मी थकलेली आहे का, घरात माझ्याशी कोण बोलतं, हे विचारलं. पाप आहे, म्हणाले, ते पाप नाही असं सांगून मी तुझं ओझं हलकं करणार नाही, पण तू म्हणजे ते पाप नव्हे. प्रायश्चित्त दिलं ते असं, की सात दिवस रोज त्या पडद्यावरच्या एका माणसासाठी प्रार्थना कर. पुन्हा उघडून बघायचं नाही, आठवणीतलं कुठलंही एक तोंड घे.

बसमध्ये अस्तराची पिशवी मांडीवर घेऊन मी आठवायला लागले. डिचोली येईपर्यंत मला एक तोंड आठवलं नाही. इतके महिने, इतकी माणसं, आणि एक तोंड नाही. माझ्या आयुष्यात मला स्वतःची इतकी भीती कधी वाटली नाही. शेवटी मला आठवली ती तुम्ही बोट ठेवलेली बाई, कमरेवर वळ असलेली. तिचं तोंड मला आठवत होतं, कारण तुम्ही मला ते पाहायला लावलं होतंत. केस कपाळावर चिकटलेले, आणि हसताना एका बाजूचाच ओठ वर गेलेला. सात दिवस मी तिच्यासाठी प्रार्थना केली. ती आता म्हातारी झाली असेल, तिला नातवंडं असतील, तिची कंबर दुखत असेल. आठव्या दिवशीही केली. नंतर सवयच झाली.

तेवढ्यानं सगळं सुटलं असं मी म्हटलं तर तुम्ही माझी शिवण उसवाल. मी पुन्हा दोनदा, तीनदा घसरले. पण आता घसरले की शुक्रवारी म्हापशाला जात होते. दुपारी दुकान उघडं ठेवायला लागले. गिऱ्हाईक येत नसे, पण दार उघडं असलं की रस्ता दिसे, रस्त्यावरून जाणारी माणसं दिसत. मोबाइल मी दुपारी सासूबाईंच्या आल्ताराशेजारी, घरातल्या देव्हाऱ्यापाशी, चार्जिंगला लावायची. त्या विचारत नव्हत्या आणि मी सांगत नव्हते.

पुढच्या वर्षी नवरा सुट्टीवर आला. आम्ही तेरेखोलला गेलो. लग्न ठरलं होतं तेव्हा फेरीबोटीनं पलीकडे जाऊन किल्ल्याच्या भिंतीशी बसलो होतो, तसेच जाऊन बसलो. समुद्र शांत होता, खाली बोट अलीकडे येत होती. मी त्याला सगळं सांगितलं, गळ्याच्या चित्रापासून म्हापशाच्या फादरपर्यंत. तो खालच्या बोटीकडे बघत ऐकत होता. मग म्हणाला, "हें तूं म्हाका कित्याक सांगता?" मी म्हटलं, एकटीनं ठेवायचं नाही म्हणून. "तूं बायलमनीस मगो," तो म्हणाला, आणि उठून बोटीच्या वाटेला लागला. परतीच्या बोटीत तो कठड्याशी उभा होता आणि मी बाकावर. दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. त्या दोन दिवसांत मला वाटलं की तुमचा सल्ला या एका ठिकाणी चुकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी परसात बांगडे साफ करत होते. तो येऊन शेजारी टेकला, माझ्या हातातली सुरी घेतली आणि बांगड्यांच्या पोटातली घाण काढत, खाली बघत बोलायला लागला. तिकडं खोलीत चौघे राहतात. चौघेही पाहतात. तो अकरा वर्षं पाहतो आहे. दर नाताळला कुमसारात बाकीच्या पापांच्या यादीत तो हे एका दमात म्हणून टाकतो, फादरही एका दमात क्षमा देतात, आणि जानेवारीत पुन्हा सुरू. "म्हाका ती संवय दिसताली," तो म्हणाला. "दादल्यांची संवय. तुवें सांगलें तेन्ना तें पाप दिसलें." माझ्यावर राग आला तो मी पाहिलं म्हणून आला असं त्याला आधी वाटलं होतं. मग दोन दिवस विचार केल्यावर कळलं, की जे तो अकरा वर्षं तोंडातल्या तोंडात म्हणत होता ते मी त्याच्यासमोर मोठ्यानं म्हटलं होतं, त्याचा तो राग. आम्ही दोघं बांगड्यांचं ते भांडं मध्ये ठेवून बसलो होतो आणि मांजर घिरट्या घालत होतं. मी त्याला तुमच्याबद्दल सांगितलं. वळाबद्दल सांगितलं. त्यानं हातातला बांगडा धुऊन बाजूला ठेवला. मग म्हणाला, तुझी टीचर मला भेटायला हवी होती.

तुम्ही त्याला भेटला होतात. लग्नात तुम्ही त्याला सांगितलं होतंत की झग्याच्या मागच्या हुकांना हिसका देऊ नकोस. तो लाजून लाल झाला होता. पण ती भेट वेगळी.

आता तो कायमचा घरी आला आहे आणि दुचाकी दुरुस्तीचं दुकान चालवतो. सासूबाई गेल्या. आमचं लग्न त्या बांगड्यांच्या सकाळनंतर बरं झालं, असं मी म्हणेन. एकदम नाही. त्याला माझ्यापेक्षा जास्त दिवस लागले, आणि पुन्हा पाहावंसं वाटलं की तो दुकानातून फोन करून नुसतं म्हणतो, "आज वायट दीस." मी म्हणते, घरी ये, पेज झालीय. एवढंच. आम्हाला एकमेकांची अंगं पुन्हा ओळखीची करून घ्यावी लागली, आता पन्नाशीची, सैल पडलेली, आणि त्यात जे सुख आहे ते मला त्या पडद्यावर कुठंच दिसलं नव्हतं. हे तुमच्याशी बोलायला मला लाज वाटत नाही, आणि ती वाटत नाही तीही तुमच्यामुळेच.

गेल्या महिन्यात आमच्या तरुण फादरांनी आम्हा दोघांना लग्नाआधीच्या शिबिरात बोलायला बोलावलं. लग्न ठरलेली जोडपी दोन दिवस हॉलमध्ये येतात, कुणी पैशांबद्दल बोलतं, कुणी मुलांबद्दल. फादर म्हणाले, या विषयावर पुरुषांना वेगळं बसवू का? मी म्हटलं, वेगळं कुणालाच बसवू नका, बायकांनाही डोळे आहेत. ते थोडे गडबडले, मग म्हणाले, बरोबर आहे. माझा नवरा आधी बोलला. त्याला भाषण येत नाही. त्यानं सरळ सांगितलं, मी अकरा वर्षं पाहत होतो, मला वाटायचं सगळेच पाहतात, आणि माझ्या बायकोच्या वाट्याला अर्धाच माणूस आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी उभी राहिले. तुमचं सगळं सांगितलं. पेज, चूल, इलास्टिकचा वळ, ता पण कोणाचा तरी चेडू. मुलींच्या बाजूला कुणी हसलं नाही. मला वाटलं तुम्ही पाठीमागच्या रांगेत बसून माझी शिवण बघताय.

हे पत्र मी तुमच्या थडग्यावर ठेवणार नाही. तिथं वारा असतो, आणि ते कुणाच्या हाती लागेल त्याचा नेम नाही. कपाटात अस्तरांच्या घडीत ठेवीन किंवा फाडून टाकीन. पण शिबिराच्या त्या दिवसातलं एक अजून तुम्हाला सांगितलेलं नाही, आणि ते सांगितल्याशिवाय मिटलं तर ही शिवण कच्ची राहील.

माझ्या नवऱ्यानं "मी" म्हटलं. मी उभी राहिले तेव्हा माझ्या तोंडून आलं, "माझ्या ओळखीची एक बाई." पिशवीतलं मासिक, दुपारचं बंद दुकान, चहाचा कप, म्हापशाचे फादर, सगळं मी त्या ओळखीच्या बाईच्या अंगावर घातलं. नवरा माझ्याकडे बघत होता. शिबिर संपल्यावर तो फादरांबरोबर बाहेर गेला आणि मी खुर्च्या एकात एक घालत होते, तेव्हा एक मुलगी परत आली. पंचवीस-सव्वीसची, पेडण्याकडची असावी, तुमच्यासारखंच बोलत होती. तिनं एक खुर्ची उचलून माझ्या हातात दिली आणि विचारलं, "आंटी, ती तुमची ओळखीची बाई, ती आता बरी आसा?"

"बरी आसा," मी म्हटलं.

ती दाराकडे वळली, पुन्हा थांबली. "तिका सांगा, माजा पण तसाच आसा."

मी तिचा हात धरला, म्हापशाच्या फादरांचं देऊळ कुठं ते सांगितलं, माझा नंबर दिला. ते सगळं मला करता आलं. एकच वाक्य राहिलं होतं, आणि ती त्यासाठी माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

"सांगते तिला," मी म्हटलं, आणि पुढची खुर्ची उचलली.